जुन्या लॅपटॉपवर लिनक्समधे रिझोल्यूशन परत परत १०२४ वर येऊन बसतंय? आधी ड्रायव्हर बघा

लक्षण असं की लॅपटॉप व्यवस्थित सुरू होतो, डेस्कटॉपही येतो, पण सगळं जाडंभरडं दिसतं, अक्षरांच्या कडा पुसट, आणि स्क्रीन रुंद असल्यामुळे चित्र आडवं ताणलेलं. माझ्याकडे डेस्कटॉपवर गोल घड्याळ होतं ते चक्क आडवं ठेवलेलं अंडं दिसायचं. डिस्प्ले सेटिंग उघडलं तर यादीत १०२४ बाय ७६८, त्याखाली ८०० बाय ६००, संपली यादी. आणि स्क्रीन मुळात १३६६ बाय ७६८ ची.

लॅपटॉप दादाचा, चांगला बारा-तेरा वर्षं जुना, विंडोज त्यावर रांगायचं म्हणून त्याने मला देऊन टाकला आणि मी त्यावर लिनक्स मिंट (लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी एक, उबुंटू, डेबियन, फेडोरा हेही तसेच) टाकलं. त्यानंतर जवळजवळ दोन महिने हा रिझोल्यूशनचा प्रॉब्लेम मी "सोडवत" होते. अवतरणात लिहिलंय कारण आज सोडवला की उद्या परत हजर. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण जे उपाय सगळीकडे पहिले सांगतात तेच मी केले आणि तेच चुकीच्या टोकाकडून होते.

एक सांगून ठेवते, कमांडची नावं मी खाली उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरात करायची, आणि जिथे गोंधळ होईल तिथे अक्षरं सुटी करून देते.

तर सगळ्यात आधी काय केलं, तर एक्सरँडआर, म्हणजे स्क्रीनचं रिझोल्यूशन बघायची आणि बदलायची कमांड. एक्स, आर, ए, एन, डी, आर. हिच्यात नवीन मोड (म्हणजे नवीन रिझोल्यूशन) घालता येतो हे कुठेतरी वाचलेलं. सीव्हीटी नावाची छोटी कमांड आहे, तिला रुंदी आणि उंची दिली की ती आकड्यांची एक लांबलचक ओळ काढून देते, तिला मोडलाइन म्हणतात, ती उचलायची, एक्सरँडआरला न्यूमोड म्हणून द्यायची, मग ॲडमोडने आउटपुटला (चित्र जिथे जातं त्या स्क्रीनला) जोडायची, मग तो मोड लावायचा. मी १३६६ ७६८ दिलं तर तिने १३६८ ची ओळ दिली! मला वाटलं मीच चुकीचं टाइप केलं, परत दिलं, परत १३६८. नंतर कळलं की सीव्हीटी रुंदी आठच्या पटीत नेऊन बसवते आणि १३६६ ला आठने भाग जात नाही, त्यामुळे यात बिघाड असा काही नाही. पण मोड जोडायला गेले की एरर यायची, आणि एररच्या वर दर वेळी एक ओळ असायची की डिफॉल्ट नावाच्या आउटपुटच्या गॅमाचा साइज मिळाला नाही. मी ती ओळ दोन महिने नुसती वाचून सोडून देत होते. सगळं उत्तर त्याच ओळीत होतं.

गॅमा वगैरे विसरा, त्यातला "डिफॉल्ट" हा शब्द बघा. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनचं नाव एक्सरँडआरमधे एलव्हीडीएस-१ असं दिसायला हवं, थोड्या नव्या लॅपटॉपवर ईडीपी-१. त्याऐवजी डिफॉल्ट किंवा नन-१ असं काही दिसत असेल तर समजायचं की लिनक्सला तुमची स्क्रीन दिसतच नाहीये. ग्राफिक्स चिपचा खरा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्राम) चालू नाही, आणि बायोसने (लॅपटॉप चालू करताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) सुरुवातीला जे चित्र लावून दिलं त्यावरच सगळा कारभार चाललाय. अशा वेळी तुम्ही शंभर मोडलाइन घाला, ऐकायला पलीकडे कोणी नाहीच.

आणि जरा विचार केला तर लॅपटॉपच्या आतल्या स्क्रीनला मोडलाइन हाताने सांगायची गरजच का पडावी? प्रत्येक स्क्रीनमधे ईडीआयडी नावाची १२८ बाइटची माहिती असते, मी इतकी रुंद, इतकी उंच, मला असा सिग्नल द्या. ड्रायव्हर ती वाचतो आणि काम संपतं. इंटेलच्या ड्रायव्हरला ती नाही मिळाली तरी तो व्हिडिओ बायोसच्या टेबलमधून पॅनेलचा साइज काढतो. म्हणजे ड्रायव्हर जागा असेल तर आतल्या स्क्रीनचं रिझोल्यूशन आपोआप बरोबर येतं, आणि येत नसेल तर दहातल्या नऊ वेळा ड्रायव्हर जागा नसतो. हे माझं मत आहे, आकडेवारी नाही, पण त्यानंतर ओळखीतले चार-पाच लॅपटॉप बघितले आणि एकदाही मोडलाइन लागली नाही.

जुन्याच मशीनवर हे एवढं का होतं त्याचंही कारण आहे. नव्या मशीनवर बायोसच्या जागी यूईएफआय असतं, तिथे ड्रायव्हर नसला तरी ते बऱ्याचदा स्क्रीनचं खरं रिझोल्यूशन लावून देतं, त्यामुळे लॅपटॉप नुसता स्लो चालतो पण दिसायला ठीक दिसतं. जुन्या बायोसच्या व्हेसा यादीत (त्याला जमणाऱ्या ठरावीक साइजच्या यादीत) मात्र १०२४ बाय ७६८, १२८० बाय १०२४ असले चौकोनी साइज असतात, १३६६ वाला रुंद साइज बहुतेकदा नसतोच. म्हणून तिथे अंडं.

आता तपासायचं कसं. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, एल एस पी सी आय, स्पेस, मायनस के. लांबलचक आउटपुट येईल, त्यात व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर लिहिलेलं आहे तो भाग शोधा (काही लॅपटॉपवर थ्रीडी कंट्रोलर म्हणून दुसरी चिपही दिसते, ती वेगळी). त्याच्या खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ पाहिजे, आणि समोर इंटेल असेल तर आय९१५, एएमडीची जुनी चिप असेल तर रेडिऑन, एनव्हिडिया असेल तर नूवो (एन, ओ, यू, व्ही, ई, ए, यू, कर्नलसोबत येणारा ड्रायव्हर) किंवा कंपनीचा स्वतःचा एनव्हिडिया. माझ्याकडे ती ओळच नव्हती. "कर्नल मॉड्यूल्स" म्हणून आय९१५ लिहिलेलं होतं, म्हणजे ड्रायव्हर डिस्कवर पडलेला आहे, पण वापरात नाही. जेवण शिजलंय, वाढलेलं नाही.

मग का नाही वाढलं ते बघायला दुसरी कमांड, कॅट, स्पेस, स्लॅश प्रॉक स्लॅश सीएमडीलाइन. कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू होताना त्याला काय काय सांगितलं होतं ते एका ओळीत दिसतं. माझ्या ओळीत शेवटी बसलेला होता नोमोडसेट. नो, मोड, सेट, तिन्ही जोडून एकच शब्द.

हा शब्द काय करतो तर कर्नलला सांगतो की ग्राफिक्सचा मोड तू लावू नकोस. २००९ मधे २.६.२९ कर्नलपासून इंटेलसाठी हे मोड लावायचं काम कर्नलच्या आत आलं, मग रेडिऑन आणि नूवोही तसेच झाले, आणि आता हे ड्रायव्हर दुसऱ्या कुठल्या पद्धतीने चालतच नाहीत. म्हणजे नोमोडसेट लिहिलं की ड्रायव्हरला घरीच बसवलं. तो तात्पुरता उपाय आहे, इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडली तर आत शिरायला. उबुंटूच्या पेनड्राइव्हवर सेफ ग्राफिक्स म्हणून पर्याय असतो, मिंटवर कम्पॅटिबिलिटी मोड, ते दोन्ही हाच शब्द घालतात, आणि त्या मोडमधून इन्स्टॉल केलं की हा शब्द कधीकधी इन्स्टॉल झालेल्या सिस्टिममधेही येऊन मुक्काम ठोकतो. आणि मी तेच केलं होतं. पहिल्याच दिवशी पेनड्राइव्हवरून काळी स्क्रीन आली होती म्हणून कम्पॅटिबिलिटी मोड निवडला, इन्स्टॉल केलं, आणि विसरून गेले.

काढायचा कसा, तर आधी एकदाच काढून बघायचा, कायमचा नाही. लॅपटॉप चालू करताना ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा (येत नसेल तर बायोस मशीनवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयवर एस्केप, पण एस्केप एकदाच, धडाधड दाबलं तर ग्रबच्या काळ्या प्रॉम्प्टवर जाऊन पडाल). पहिल्या नोंदीवर ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, त्यातला नोमोडसेट खोडा, एफ१० दाबा. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो, काही बिघडलं तरी बंद करून चालू केलं की जुनं परत.

मी खोडला आणि स्क्रीन काळी. पूर्ण काळी. डिस्कचा लाइट लुकलुकतोय, थोड्या वेळाने लॉगिनचा आवाजही आला, स्क्रीनवर मात्र काही नाही. बरेच जण इथेच हार मानून नोमोडसेट परत घालतात, आणि आयुष्यभर अंडं बघत बसतात. मी पण घालणार होते, पण दादा म्हणाला, "अगं टॉर्च मारून बघ ना एकदा." मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला तिरपा लावला आणि खरंच, आत अगदी फिकट, कागदावर उमटलेल्या वळासारखा लॉगिनचा चौकोन दिसत होता, आणि लांबी-रुंदी बरोबर! म्हणजे चित्र येत होतं, मागचा दिवाच बंद होता. एफएन धरून ब्राइटनेस वाढवायचं बटण चार-पाच वेळा दाबलं तर स्क्रीन उजळली, १३६६ बाय ७६८, घड्याळ गोल.

म्हणजे सगळ्याचं मूळ बॅकलाइट होतं. बॅकलाइट बंद म्हणून स्क्रीन काळी, स्क्रीन काळी म्हणून नोमोडसेट, नोमोडसेट म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून रिझोल्यूशन नाही, आणि मी या साखळीच्या शेवटच्या कडीला मोडलाइनचा हातोडा मारत बसले होते. बॅकलाइटसाठी नोमोडसेटच्या जागी एसीपीआय अंडरस्कोर बॅकलाइट बरोबर व्हेंडर (मधे बरोबरचं चिन्ह, स्पेस नाही) असं लिहिलं, तेव्हापासून स्क्रीन आपली आपण उजळते. काही मशीनवर व्हेंडरऐवजी नेटिव्ह चालतं, दोन्ही एकेकदा ग्रबमधून ई दाबून ट्राय करा.

कायमचं करायचं तर स्लॅश ईटीसी स्लॅश डिफॉल्ट स्लॅश ग्रब ही फाइल सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) उघडायची, ग्रब अंडरस्कोर सीएमडीलाइन अंडरस्कोर लिनक्स अंडरस्कोर डिफॉल्ट अशी ओळ असते (फाइलमधे ही नावं मोठ्या अक्षरात आहेत), तिच्या अवतरण चिन्हांतून नोमोडसेट काढायचा, फाइल सेव्ह करायची, आणि मग सुडो अपडेट-ग्रब. हा शेवटचा भाग विसरलात तर फाइल बदलूनही काहीच होत नाही. फेडोरावर ग्रबी नावाची कमांड आहे, तिला अपडेट-कर्नल बरोबर ऑल आणि रिमूव्ह-आर्ग्स बरोबर नोमोडसेट दिलं की सगळ्या कर्नलच्या नोंदींमधून जातो.

आणि तरीही माझ्याकडे रीस्टार्टनंतर परत आला! का, तर त्याच फाइलमधे अगदी तशीच दिसणारी आणखी एक ओळ असते, शेवटी डिफॉल्ट नसलेली, आणि मधे कधीतरी वैतागून मी तिथेही तो शब्द लिहून ठेवला होता. दोन्ही ओळी बघा. शेजारी ग्रब डॉट डी नावाचं फोल्डर असेल तर त्यातल्या फाइलीही बघा. बदल झाल्याची खात्री म्हणजे रीस्टार्टनंतर परत ती प्रॉकवाली कमांड, फाइलमधे काय लिहिलंय त्यावर विश्वास नको.

आता ज्यांच्या ओळीत नोमोडसेट नाहीच त्यांच्यासाठी.

एक्सॉर्ग डॉट कॉन्फ नावाची डिस्प्ले सेटिंगची जुनी फाइल पडलेली असू शकते, स्लॅश ईटीसी स्लॅश एक्स११ मधे, जिच्यात कोणीतरी कधीतरी ड्रायव्हर म्हणून व्हेसा (बायोसच्या त्याच यादीवर चालणारा साधा ड्रायव्हर) लिहून ठेवलंय. आजकाल ही फाइल बहुतेकांना लागतच नाही, तिचं नाव बदलून ठेवा आणि रीस्टार्ट करा. डिलीट नका करू, नाव बदला, कारण आत काय होतं ते नंतर बघावंसं वाटतं.

रेडिऑनवाल्यांनी सुडो डीमेसेज (डी, एम, ई, एस, जी, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवून त्यात फर्मवेअर शब्द शोधा. या चिपना ड्रायव्हर सोडून एक फर्मवेअरची फाइलही (चिपच्या आत भरायचा छोटा प्रोग्राम) लागते, ती नसली तर ड्रायव्हर सुरू होता होता मागे फिरतो. डेबियनच्या जुन्या इन्स्टॉलरमधे ती नसायची, २०२३ च्या डेबियन १२ पासून असते. पॅकेजचं नाव फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स.

एनव्हिडियावाल्यांचं दुखणं खरं "परत परत" येणारं. जुन्या जीफोर्स ८ आणि ९ सिरीजला कंपनीचा ३४० नंबरचा ड्रायव्हर लागतो, ४०० आणि ५०० सिरीजच्या फर्मी चिपना ३९०, आणि या दोन्हींचा सपोर्ट बंद झालेला आहे. मग काय होतं, की सगळं छान चालू असतं, एक दिवस अपडेटबरोबर नवीन कर्नल येतं, त्याच्यासाठी जुना ड्रायव्हर कम्पाइल होत नाही, म्हणजे तयारच होत नाही, आणि इन्स्टॉल करताना त्याने नूवोला ब्लॅकलिस्ट करून (सुरू व्हायला बंदी घालून) ठेवलेलं असतं, म्हणजे तोही नाही आणि हाही नाही, आलं परत १०२४. तात्पुरतं ग्रबमधून जुनं कर्नल निवडलं की चालतं, पण ते दुखणं पुढे ढकलणं झालं. गेम खेळायचे नसतील तर माझा सल्ला सरळ आहे, एनव्हिडियाची पॅकेजेस काढून टाका, ईटीसीमधे मॉडप्रोब डॉट डी फोल्डर आहे त्यात नूवो ब्लॅकलिस्ट करणारी फाइल राहिली असेल तर तीही काढा, सुडो अपडेट-इनिटरामएफएस मायनस यू, रीस्टार्ट. नूवो या जुन्या चिपवर डेस्कटॉप, व्हिडिओ, लिहिणं-वाचणं एवढ्याला पुरतो, आणि कर्नलसोबतच येतो त्यामुळे दर अपडेटला छातीत धस्स होत नाही.

एक गमतीचा प्रकार इंटेल ९४५ च्या काळातल्या लॅपटॉपवर दिसतो. ड्रायव्हर व्यवस्थित आय९१५, एक्सरँडआरमधे एलव्हीडीएसही दिसतंय, तरी रिझोल्यूशन कमी. नीट बघितलं तर खाली एसव्हिडिओ-१ किंवा टीव्ही-१ पण कनेक्टेड म्हणून दिसतं, मागे काहीही लावलेलं नसताना. लिनक्सला वाटतं की टीव्ही जोडलाय, तो दोन्हीकडे एकच चित्र दाखवायला जातो आणि दोघांना झेपेल असा लहान साइज निवडतो. भुताचा टीव्ही. एक्सरँडआरला आउटपुट म्हणून त्याचं नाव देऊन ऑफ म्हणा, आणि स्क्रीनच्या आउटपुटला ऑटो म्हणा, लगेच सुटतं. कायमचं करायला ग्रबच्या त्याच ओळीत व्हिडिओ बरोबर एसव्हिडिओ-१ कोलन डी लिहायचं, डी म्हणजे डिसेबल. नाव मात्र स्लॅश सिस स्लॅश क्लास स्लॅश डीआरएम या फोल्डरमधे दिसतं तेच द्यायचं, कार्ड० वगैरे सुरुवातीचा भाग सोडून.

मोडलाइन मग कधीच लागत नाही का, तर लागते, पण बाहेरच्या मॉनिटरला. जुन्या व्हीजीए केबलमधे ईडीआयडीची तार तुटलेली असली किंवा स्वस्तातला कन्व्हर्टर मधे असला की मॉनिटर स्वतःची ओळखच पाठवू शकत नाही, ड्रायव्हर जागा असूनही १०२४ वर थांबतो. आधी केबल बदलून बघा. नाहीच तर सीव्हीटी १९२० १०८० ची ओळ वापरा, तिचा पिक्सेल क्लॉक (स्क्रीनला ठिपके पाठवायचा वेग) १७३ मेगाहर्ट्झ येतो, आणि चित्र थरथरत असेल तर सीव्हीटीला मायनस आर द्या, मग तोच १३८.५ वर येतो आणि जुन्या चिपला सोपं जातं. एक्सरँडआरने लावलेलं लॉगआउट केलं की जातं, म्हणून त्या तिन्ही कमांड होम फोल्डरमधे डॉट एक्सप्रोफाइल फाइलमधे लिहून ठेवायच्या. वेलँड सेशनमधे (वेलँड ही डेस्कटॉप दाखवायची नवी पद्धत, एक्सऑर्ग ही जुनी) यातलं काही चालणार नाही, तिथे आउटपुटच्या नावात एक्सवेलँड दिसतं, लॉगिन करताना एक्सऑर्गचं सेशन असेल तर ते निवडा.

दोन ठिकाणी मात्र मनाची तयारी ठेवा. एसआयएस मिराज नावाच्या चिपवाले लॅपटॉप, यांना कर्नलमधे धड ड्रायव्हरच नाही, तिथे व्हेसावर जे मिळेल ते घ्यायचं. आणि लहान नेटबुक, ज्यांची स्क्रीनच १०२४ बाय ६०० ची आहे, तिथे काही बिघडलेलंच नसतं. त्यांना खिडक्यांची खालची बटणं स्क्रीनबाहेर जातात हा त्रास असतो, तर ऑल्ट धरून माउसने खिडकी वर ओढता येते, किंवा एक्सरँडआरला स्केल १.२५एक्स१.२५ दिलं की १२८० बाय ७५० एवढी जागा मिळते, अक्षरं थोडी पुसट होतात पण ओकेचं बटण सापडतं.

हे सगळं करूनही अडलं आणि कोणाला विचारायचं झालं तर "रिझोल्यूशन येत नाही" एवढंच नका सांगू. एलएसपीसीआयमधला व्हीजीएचा भाग, प्रॉकवाली ती एक ओळ, आणि नुसत्या एक्सरँडआरचं आउटपुट, ही तीन कॉपी करून द्या, आणि नोमोडसेट काढल्यावर स्क्रीन काळी झाली असेल तर टॉर्च मारून आत काही दिसलं का तेही.